काच धुरकटली, पंखा गप्प! गाडीतल्या ब्लोअरचे दुखणे कसे ओळखाल?

जुलै महिन्यातला रविवार. कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालेली एक सेकंडहँड गाडी दुपारी आंबा घाटात शिरली. गाडीत चौघे होते. पुढे नवरा-बायको, मागे सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. मलकापूरला चहासाठी उतरले तेव्हा सगळेच थोडेफार भिजले होते. घाटाची पहिली वळणे सुरू झाली आणि पुढची काच आतून धुरकट होऊ लागली.

नवऱ्याने ब्लोअरचे बटण एकवर फिरवले. काही नाही. दोन, तीन... तरीही काही नाही. गेले काही दिवस तो पंखा फक्त चार नंबरवरच चालत होता, म्हणून त्याने बटण चारवर नेले. त्या दिवशी चार नंबरही गप्प राहिला.

"अगं, फडकं दे लवकर!"

ती डावीकडून वाकून काच पुसू लागली. पुसलेली जागा पाच सेकंदांत पुन्हा पांढरी होत होती. मागे सासूबाईंनी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. तेवढ्यात वळणावरून एका ट्रकचे दिवे अचानक समोर आले. गाडी कशीबशी कडेला झाली आणि ट्रक अंगावरून गेल्यासारखा निघून गेला. पुढची रुंद जागा पाहून त्यांनी गाडी थांबवली, काचा खाली केल्या आणि पाऊस ओसरेपर्यंत चौघेही न बोलता बसून राहिले.

साखरप्याला पोहोचल्यावर पत्नीने एकच प्रश्न विचारला, "अहो, दोन महिन्यांत आपण हा पंखा दोनदा दुरुस्त केला ना? मग तोच भाग पुन्हा पुन्हा जळतो कसा?"

बाई शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचा प्रश्न साधा होता, पण दोन्ही वेळा गाडी दुरुस्त करणाऱ्याने तो स्वतःला विचारलाच नव्हता. गाडीतल्या विजेच्या बिघाडाची अर्धी कहाणी याच प्रश्नात आहे.

छोटा पंखा, मोठे काम

एके काळी अँबॅसिडर किंवा प्रीमिअर पद्मिनीच्या डॅशबोर्डवर एक छोटासा पंखा बसवलेला असे. आता तो दिसत नाही, पण डॅशबोर्डच्या आत प्रत्येक गाडीत पंखा असतोच. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. पिंजऱ्यासारखे गोल पाते आणि ते फिरवणारी एक मोटार, एवढाच त्याचा संसार. यालाच ब्लोअर म्हणतात.

हीटरचा पंखा वेगळा आणि ए.सी.चा वेगळा असे अनेकांना वाटते. तसे नसते. पंखा एकच. इंजिनाच्या गरम पाण्याने तापलेल्या जाळीवरून त्याने हवा ढकलली की हीटर, आणि ए.सी.च्या थंड जाळीवरून ढकलली की थंडावा. त्यामुळे हा पंखा बंद पडला तर सिमल्याच्या हिवाळ्यात ऊब मिळत नाही, नागपूरच्या मे महिन्यात गारवा मिळत नाही आणि कोकणच्या पावसात काच स्वच्छ होत नाही.

यातली शेवटची अडचण सर्वांत धोक्याची. ऊब किंवा गारवा नसला तर जीव कासावीस होतो, पण समोरचे दिसत नसेल तर जीवच धोक्यात येतो. भिजलेले कपडे, ओल्या छत्र्या आणि चार माणसांचा श्वास यांमुळे गाडीतली हवा दमट होते. बाहेरच्या पावसाने काच गार झालेली असते. दमट हवा गार काचेला लागली की तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब काचेवर जमतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो ना, तसेच हे. काचेवर कोरडी, किंचित गरम हवा जोरात सोडणे हा त्यावरचा खरा उपाय, आणि ते काम ब्लोअरचे. म्हणून ब्लोअर ही चैनीची वस्तू नव्हे. वायपर आणि ब्रेकच्या पंगतीत बसणारी ती वस्तू आहे.

वीज कुठून येते, कुठे जाते?

दोष शोधायचा तर आधी वाट माहीत हवी. बॅटरीच्या धन टोकापासून वीज निघते. मोठ्या फ्यूजमधून ती चावीच्या स्विचकडे येते. तिथून ब्लोअरच्या फ्यूजमध्ये, बऱ्याच गाड्यांत एका रिलेमधून आणि मग मोटारीत. मोटारीतून बाहेर पडून ती रेझिस्टर आणि वेगाच्या बटणातून जाते आणि शेवटी गाडीच्या लोखंडी अंगाला, म्हणजे अर्थला, मिळते. गाडीची बॉडी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली असल्याने फेरा पूर्ण होतो. काही गाड्यांत बटण आणि रेझिस्टर मोटारीच्या आधी असतात, पण साखळी तीच.

रिले म्हणजे काय? मोटारीला लागणारा मोठा प्रवाह डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून नेला तर ते जळेल. म्हणून छोट्या प्रवाहाने एक चुंबक ओढायचा आणि त्याने मोठ्या प्रवाहाचा दरवाजा उघडायचा. हा दरवाजा म्हणजे रिले. तो लागला की बारीक 'टक्' असा आवाज येतो.

आणि रेझिस्टर? जुन्या घरातला छताच्या पंख्याचा तो मोठा, गरम होणारा रेग्युलेटर आठवा. त्यात तारेची वेटोळी असत. एकवर ठेवला की वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाई आणि पंखा हळू फिरे. वेग वाढवला की वेटोळी कमी होत आणि पूर्ण वेगाला एकही वेटोळे मध्ये नसे. गाडीतही तेच. एक, दोन, तीनवर वीज रेझिस्टरच्या कमी-जास्त वेटोळ्यांतून जाते. चारवर ती रेझिस्टरला वळसा घालून सरळ जाते. ही वेटोळी तापतात म्हणून रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्याच वाऱ्यात बसवलेला असतो. पंखाच आपल्या रेग्युलेटरला थंड ठेवतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती उपयोगी पडणार आहे.

आधी ऐका, मग पाना उचला

चांगला वैद्य हात लावण्याआधी रोग्याला चार प्रश्न विचारतो. इथेही तसेच. गाडी उभी करून चावी 'ऑन' करावी. इंजिन चालू करण्याची गरज नाही, आणि बंद गॅरेजमध्ये तर ते मुळीच चालू ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू ना दिसतो, ना वास देतो, आणि जीव घेतो. मग बटण एक ते चारपर्यंत फिरवावे आणि प्रत्येक नंबरावर काय होते ते कागदावर लिहावे. एवढ्याने निम्मे निदान होते.

फक्त चारवर चालतो, एक-दोन-तीनवर नाही: बहुधा रेझिस्टर किंवा त्यातला उष्णतेने वितळणारा छोटा फ्यूज गेला. मोटार, मुख्य फ्यूज आणि अर्थ शाबूत आहेत, नाहीतर चार नंबरही चालला नसता.

एक-दोन-तीनवर चालतो, चारवर नाही: रेझिस्टर बरा आहे. चार नंबरची स्वतंत्र वाट तुटली आहे. बटणातला संपर्क, त्या वाटेतली वायर किंवा पूर्ण वेगासाठी वेगळा रिले असेल तर तो पाहावा.

मधलाच एखादा नंबर चालत नाही: बटणाचा संपर्क किंवा रेझिस्टरचे एखादे टोक.

कुठल्याच नंबरावर चालत नाही: फ्यूज, रिले, मोटार, मोटारीचे कनेक्टर किंवा अर्थ.

कधी चालतो, कधी नाही, खड्ड्यातून गेले की सुरू होतो: लूज कॉन्टॅक्ट किंवा मोटारीचे झिजलेले कार्बन. मिक्सरचे कार्बन झिजले की तो अधूनमधून बंद पडतो आणि हलवले की पुन्हा चालतो, हे गृहिणींना सांगायला नको. बहुतेक ब्लोअरच्या मोटारीतही तसेच कार्बन असतात. मोटारीवर हलकी टिचकी मारली आणि ती फिरू लागली, तर कार्बनचे दिवस भरले असे समजावे.

किरकिर, करकर असा आवाज करत चालतो: बेअरिंग कोरडे झाले किंवा पात्यात काहीतरी अडकले. दुर्लक्ष होते ते याच लक्षणाकडे. पंखा चालतोय ना, मग आवाजाचे काय एवढे, असे आपण म्हणतो. आंबा घाटातल्या त्या गाडीचे खरे दुखणे इथूनच सुरू झाले होते.

फ्यूज: गुन्हेगार नव्हे, राखणदार

साखरप्याच्या प्रसंगानंतर बाईंनी गाडी कोल्हापुरातल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी आधी कुठलाही भाग खोलला नाही. फ्यूजचे झाकण उघडून त्यांनी एक हिरवा फ्यूज चिमट्याने बाहेर काढला आणि बाईंसमोर धरला.

"बाई, इथं पिवळा पायजे. ह्यो हिरवा कुणी घातला?"

चपट्या फ्यूजचे रंग सगळीकडे ठरलेले असतात. लाल १० अँपियरचा, निळा १५चा, पिवळा २०चा, पारदर्शक २५चा आणि हिरवा ३०चा. झाकणावरच्या नकाशात त्या जागी २० लिहिलेले होते. म्हणजे पूर्वी कधीतरी पिवळा फ्यूज उडाला होता. तो का उडाला हे न पाहता कुणीतरी तिथे जास्त ताकदीचा बसवला होता. फ्यूज उडणे थांबले आणि गिऱ्हाईक खूश झाले.

"फ्यूज गुन्हेगार नव्हं बाई, राखणदार हाय," चाचा म्हणाले. "राखणदार भुंकाय लागला म्हणून त्याचं तोंड बांधलं, तर चोर पळून जात न्हाई."

फ्यूज मोटारीसाठी नसतो, तो वायरसाठी असतो. २० अँपियरच्या हिशोबाने घातलेल्या वायरमधून जास्त प्रवाह जाऊ लागला तर ती तापते, तिचे प्लॅस्टिक वितळते आणि आग लागू शकते. तसे होण्याआधी फ्यूज स्वतः जळून वाट तोडतो. म्हणून मोठा फ्यूज, फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी हे तिन्ही 'जुगाड' म्हणजे घरात दारूगोळा ठेवण्यासारखे आहे. फ्यूज एकदा उडाला तर त्याच ताकदीचा नवा घालून पाहावा. तोही उडाला तर तिसरा न घालता कारण शोधावे.

फ्यूज तपासायला तो काढावाही लागत नाही. त्याच्या माथ्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. टेस्ट लॅम्पचा चिमटा गाडीच्या बॉडीला लावून, चावी 'ऑन' ठेवून, टोक दोन्ही ठिपक्यांना लावावे. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला. एकीकडेच लागला तर उडालेला. दोन्हीकडे लागला नाही तर फ्यूजपर्यंत वीजच येत नाही, शोध मागे न्यावा.

दिवा सांगेल, कुठे थांबली वीज

टेस्ट लॅम्प म्हणजे टोकदार दांड्यातला बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि चिमटा लावलेली वायर. त्याच्या जोडीला साधा मल्टिमीटर असला की घरच्या तपासणीला पुरे.

फ्यूज ठीक असेल तर रिले पाहावा. चावी फिरवून ब्लोअर सुरू केल्यावर 'टक्' ऐकू येते का? येत नसेल तर फ्यूजच्या पेटीत त्याच नंबरचा दुसरा रिले असल्यास अदलाबदल करून पाहावी. मात्र 'टक्' आले म्हणजे रिले निर्दोष असे नाही. दरवाजा हलतो, पण त्याची चौकट आतून जळलेली असू शकते.

मग मोटारीजवळ जावे. मोटारीच्या कनेक्टरला सहसा दोन जाड वायरी असतात. कनेक्टर न काढता, बटण चारवर ठेवून मीटरचे एक टोक एका वायरला आणि दुसरे दुसऱ्या वायरला मागून लावावे. मीटरने १२ व्होल्टच्या आसपास दाखवले आणि तरी मोटार फिरत नसेल तर दोष मोटारीचाच. वीज दारात येऊन उभी आहे, पण घरमालक उठत नाही.

मीटरने काहीच दाखवले नाही तर वीज कुठेतरी वाटेत अडली आहे. आता धन वायर आणि बॉडी यांच्यामध्ये मोजावे. १२ व्होल्ट मिळाले तर येण्याची वाट चांगली आहे, जाण्याची म्हणजे बटण-अर्थची वाट तुटलेली आहे. काहीच मिळाले नाही तर फ्यूज ते मोटार ही वाट तपासावी. अशा रीतीने दर पावलाला निम्मी गाडी संशयातून मुक्त होते. एकेक नवा भाग घालून बघण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

मीटर फसवतो तेव्हा

पण इथे एक गंमत आहे आणि नवशिके मेकॅनिक नेमके याच ठिकाणी फसतात. कनेक्टर काढून मोकळ्या टोकांवर मीटर लावला तर तो बहुधा पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. जोडून पाहावे तर मोटार रडतखडत फिरते. मग 'वीज तर पूर्ण येतेय, म्हणजे मोटार गेली' असे ठरते आणि चांगली मोटार भंगारात जाते.

नळाचे उदाहरण घ्या. नळ बंद असताना गंजलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण असतो. नळ उघडला की कळते, धार किती बारीक आहे ते. विजेचेही तसेच. मीटरला चालायला जवळजवळ प्रवाहच लागत नाही, मोटारीला मात्र भरपूर लागतो. हेडलाइटचा ६० वॅटचा दिवा सुमारे ५ अँपियर घेतो. पूर्ण वेगातला ब्लोअर गाडीच्या आकारानुसार साधारण १० ते २५ अँपियर घेतो. म्हणजे दोन ते पाच हेडलाइट एकदम लावल्यासारखे!

जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओम यांनी १८२७ साली मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो. अडथळ्याला प्रवाहाने गुणले की किती व्होल्ट वाया गेले ते कळते. समजा, अर्थच्या गंजलेल्या बोल्टशी फक्त ०.१ ओमचा अडथळा आहे. साधा मीटर एवढा लहान अडथळा नीट मोजूही शकत नाही. पण त्यातून २० अँपियर गेले तर २ व्होल्ट तिथेच संपतात आणि त्या एका बोल्टवर ४० वॅटची उष्णता निर्माण होते. जुन्या ४० वॅटच्या बल्बला हात लावून ज्याने चटका घेतला असेल, त्याला नखाएवढ्या जागेत एवढी उष्णता म्हणजे काय ते लगेच कळेल. कनेक्टर वितळतात ते असे.

म्हणून तपासणी पंखा चालू असतानाच करावी, तीही चार नंबरवर, कारण तेव्हा रेझिस्टर मध्ये नसतो. मीटरचे एक टोक मोटारीच्या धन वायरला आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकाला लावावे. साधारण अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर येण्याच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. तसेच मोटारीची ऋण वायर आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मोजावे. मग टोक एकेका सांध्यावर सरकवत गेले की ज्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे आकडा उडी मारतो, तोच चोर.

चाचांनी नेमके हेच केले. मोटारीच्या मागच्या कनेक्टरवर आकडा उडाला. कनेक्टर ओढून काढला तर त्याचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळले होते आणि आतली पट्टी सैल पडली होती. घाटात चार नंबर गप्प झाला तो त्यामुळे.

जळला तो बळी, जाळणारा वेगळाच

इथे थांबले असते तर चाचाही आधीच्या दोघांच्या रांगेत बसले असते. पण त्यांनी ग्लोव्ह बॉक्स उतरवून मोटार बाहेर काढली. पात्याच्या पिंजऱ्यात वाळलेली गुलमोहराची बारीक पाने गच्च बसलेली होती, आणि उंदराने कुरतडलेल्या कागदाचे गोळे. पाते हाताने फिरवले तर अडत अडत फिरले. बेअरिंग कोरडे ठणठणीत.

गाडी रोज शाळेच्या आवारात गुलमोहराखाली उभी असे. पुढच्या काचेच्या खाली जी जाळी असते, तिच्यातूनच ब्लोअर बाहेरची हवा घेतो. मोठे पान तिथे अडते, पण गुलमोहराची इवलीशी पाने सहज आत पडतात.

आता सगळी साखळी जुळली. कचरा आणि कोरडे बेअरिंग यामुळे मोटार जड झाली. जड मोटार जास्त प्रवाह ओढते, म्हणून आधी पिवळा फ्यूज उडाला. त्याच्या जागी हिरवा आला. राखणदार गप्प झाल्यावर जास्तीचा प्रवाह रेझिस्टरला सोसावा लागला. शिवाय पंखा हळू फिरत असल्याने त्याला थंड करणारा वाराही कमी. तो जळला. एक-दोन-तीन गेले. नवा घातला, तोही जळला. मग घरचे सगळे चार नंबरवरच पंखा चालवू लागले, सगळा भार कनेक्टरवर आला आणि तो घाटात वितळला. चार भाग बिघडले, पण दोष एकच होता.

ज्या गाड्यांत हवा गाळण्याची जाळी, म्हणजे केबिन फिल्टर असतो, तिथे तो चोंदला तरी रेझिस्टर जळू शकतो. इथे मोटारीवरचा भार वाढतो असे नव्हे, रेझिस्टरला वाराच मिळत नाही. म्हणून रेझिस्टर जळालेला दिसला की दोन प्रश्न विचारावेत: मोटार मोकळी फिरते का? आणि हवेची वाट मोकळी आहे का? वायरीभोवती बसणाऱ्या चिमटा-मीटरने मोटारीचा प्रवाह मोजून तो फ्यूजच्या आकड्यापेक्षा बराच खाली आहे ना, याची खात्री करून घेता येते. असा मीटर घेताना मात्र तो बॅटरीचा एकदिश प्रवाह मोजणारा आहे का, हे पाहून घ्यावे.

चाचांनी नवी मोटार, नवा रेझिस्टर आणि नवे कनेक्टर बसवले, काचेखालची जाळी साफ केली आणि फ्यूजच्या जागी पुन्हा पिवळा फ्यूज घातला. जुने भाग त्यांनी पिशवीत घालून बाईंच्या हाती दिले. पुढच्या आठवड्यात ती पिशवी नववीच्या वर्गात गेली. ओमचा नियम त्या वर्षी मुलांना पाठ करावा लागला नाही.

नव्या गाड्यांत सावध

ज्या गाड्यांत तापमान आपोआप राखले जाते, त्यांत वेटोळ्यांच्या रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो, घरात जुन्या रेग्युलेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक आला तसाच. तो संगणकाच्या बारीक इशाऱ्यांवर चालतो. अशा बारीक वायरींना टेस्ट लॅम्प लावू नये, नियंत्रक बिघडू शकतो. फ्यूज आणि अर्थ पाहावा, पुढचे काम स्कॅनर असलेल्या जाणकाराकडे सोपवावे. डॅशबोर्डखाली पिवळे कनेक्टर किंवा पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर त्यांना हातच लावू नये. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

घरी काय करावे आणि काय करू नये, याचीही मर्यादा ओळखावी. ऐकणे, लिहून ठेवणे, फ्यूज पाहणे, जाळी साफ करणे आणि फिल्टर बदलणे हे कुणालाही जमेल. मीटर वापरता येत असेल तर मोटारीपर्यंत जावे. वितळलेले कनेक्टर किंवा काळी पडलेली वायर दिसली तर मात्र फ्यूज काढून ठेवावा आणि गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्यावी. तिथे गेल्यावर 'पंखा चालत नाही' एवढेच न सांगता कोणत्या नंबरावर काय होते तो कागद पुढे ठेवावा. बिल देण्याआधी दोनच गोष्टी मागाव्यात: जुना भाग, आणि तो का जळला याचे उत्तर.

आंबा घाटातून ती गाडी दिवाळीत पुन्हा गेली. सासूबाई मागेच बसल्या होत्या. घाट सुरू होताच त्या पुढे वाकून म्हणाल्या, "अगं, तो पंखा एकवर लावून बघ बरं." एकवर मंद वारा आला, अगदी आवाज न करता. मगच त्या मागे टेकून बसल्या.

चौकट: लक्षात ठेवण्याजोगे

• घाटात ब्लोअर बंद पडला तर वेग कमी करावा, दिवे लावावेत, दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या उघडाव्यात आणि हवेचे बटण बाहेरची हवा घेण्यावर ठेवावे. धावत्या गाडीत थोडी हवा पंख्याशिवायही आत येते. दिसेनासे झाले तर सुरक्षित, रुंद जागी थांबावे. चालकाने एका हाताने काच पुसत गाडी चालवू नये.

• ब्लोअर चालू असेल तर काचेवर हवा सोडून ए.सी. आणि ऊब दोन्ही सुरू करावीत. ए.सी. हवा कोरडी करतो. धुके काचेच्या बाहेरून असेल तर वायपर फिरवावा आणि थंडावा कमी करावा.

• ए.सी. चालू असताना ब्लोअर बंद पडला तर ए.सी. लगेच बंद करावा. वारा नसला की थंड जाळीवर बर्फ जमतो.

• फ्यूज नेहमी झाकणावर लिहिलेल्या ताकदीचाच. दोन जादा फ्यूज गाडीत ठेवावेत.

• मोटार किंवा रेझिस्टर काढण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. अंगठी, घड्याळ आणि धातूच्या बांगड्या उतरवूनच बॅटरीजवळ काम करावे.

• पावसाळ्यापूर्वी एकदा चारही नंबर चालवून पाहावेत, काचेखालची जाळी झाडावी आणि पंख्याचा आवाज ऐकावा. किरकिर हा पंख्याचा पहिला निरोप असतो.